शेजारची बोट

साठीला मुलीनं आम्हाला डॅन्यूब नदीत सोडलं. ती म्युनिकला असते. "बाबा, बॅग एकदाच उघडायची. तुम्ही कुठे जायचं नाही, बोटच तुम्हाला गावोगाव घेऊन जाईल," असं सांगून तिनं पासाऊच्या धक्क्यावर आम्हाला चढवलं, हात हलवला आणि बहुधा सुटकेचा श्वास टाकला.

खोलीला फ्रेंच बाल्कनी होती. हा शब्द ऐकून मी खुर्ची, चहाचा कप आणि पाठीमागून वाहणारा युरोप असं चित्र मनात रंगवलं होतं. प्रत्यक्षात फ्रेंच बाल्कनी म्हणजे काचेचं दार सरकवलं की पोटाला लागणारा कठडा. पाऊल टाकायला जागाच नाही. गिरगावात आमच्या चाळीत याला नुसतं खिडकी म्हणत.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोट ऑस्ट्रियातल्या मेल्क गावाला लागली. सहा वाजता मी बनियनवर उठलो, नदीवरचा सूर्योदय बघायला झोकात पडदा ओढला, तर समोर दोन हातांवर एक वयस्क गोरे गृहस्थ बनियनवरच दात घासत होते. धक्क्यावर जागा पुरत नाही म्हणून इथे बोटी एकीला एक खेटून बांधतात, हे आदल्या रात्री सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी सूप निवडत होतो. आम्ही दोघंही क्षणभर थिजलो. मग त्यांनी ब्रश वर करून सलाम केला. मी नमस्कार केला. "कोण आहे हो?" पांघरुणातून आवाज आला. "समोरचे बिऱ्हाडकरू," मी म्हटलं.

आमची बोट बाहेरच्या अंगाला, त्यांची धक्क्याला. म्हणजे किनाऱ्यावर जायचं तर त्यांच्या दिवाणखान्यातून जायचं. तेही चाळीसारखंच. आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण माझा बचाव तिच्यावरच उभा आहे. ऱ्हाइनकडून माइन नदी आणि तिथून कालव्यानं डॅन्यूबमध्ये येणारा जलमार्ग 1992 साली पुरा झाला. त्या वाटेवर लॉक आहेत, म्हणजे बोट वर-खाली करणारी पाण्याची लिफ्ट, आणि त्यांची रुंदी 12 मीटर. त्यात मावायचं म्हणून बोट रुंदीला साडेअकरा मीटरच्या आत, लांबीला फार तर 135 मीटर. त्यामुळे कुठल्याही कंपनीची बोट घ्या, पेणच्या एकाच साच्यातून काढलेले गणपती. रंग तेवढा वेगळा. तोही बाहेरून.

असो. उतरलो. उतरताना आपलं कार्ड टेकवायचं की ठणकन आवाज होतो आणि तुम्ही बोटीच्या हिशेबातून वजा होता. परतल्यावर पुन्हा ठणकन, पुन्हा जमा. मग गळ्यात एक डबी, कानात ऐकायचं बोंड. वाटाडी बाई कितीही पुढे गेली तरी कानात बोलतच राहते.

मेल्कचा मठ गावाच्या डोक्यावर, कड्यावर बसलाय. पिवळाधम्मक. बेनेडिक्टाइन साधू तिथे 1089 पासून आहेत; आजची इमारत 1702 ला काढली ती 1736 ला पुरी झाली. "चौतीस वर्षं!" ही कुजबुजली, "म्हणजे आपल्या रीडेव्हलपमेंटला अजून आशा आहे." पुढचा बराचसा इतिहास मी स्वच्छतागृहात ऐकला. आत जायला पन्नास सेंटांचं नाणं लागत होतं आणि ते हिच्या पर्सच्या तळाशी, लसणाच्या चटणीच्या पुडीखाली निघालं. कानातली बाई मात्र आत येऊन सांगत होती, की या साधूंच्या नियमात जेवताना कुणी बोलायचं नाही, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "ऐकलंत ना?"

परत यायची वेळ साडेबारा. ही जर्दाळूच्या जॅमच्या बाटल्या घेऊन भराभर पुढे गेली. गोट्यांच्या रस्त्यावर माझा गुडघा बोलायला लागला होता, म्हणून मी रमतगमत आलो, फळीवरून आत शिरलो. समोर कॉफीचं यंत्र, शेजारी बिस्किटांची बरणी. बसलो. दोन बिस्किटं खाल्ली. चालीरीत म्हणून तिसरं घेतलं. मग उठून आमच्या खोलीला, दोनशे चौदाला गेलो. कार्ड लावलं, लाल दिवा. पुसून लावलं, लाल. उलटं लावलं, लाल. शेवटी, "अगं, उघड!" म्हणून दार ठोठावलं.

दार उघडलं ते सकाळच्या गृहस्थांनी. या वेळी अंगात सदरा होता, म्हणून ओळखायला दोन सेकंद लागले.

नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडून इंजिनाची घरघर ऐकू आली. बाहेरच्या बोटीनं हलल्याशिवाय आतल्या बोटीला निघता येत नाही, त्यामुळे आधी सुटणार होती ती आमची. मी, हातात अर्धं बिस्किट, परक्याच्या खोलीत. काचेच्या दारातून बघतो तर दोन हातांवर आमची स्वतःची खोली आणि तिच्यात ही, पाठमोरी, जॅमच्या बाटल्या माझ्या लोकरीच्या मोज्यांत घालून बॅगेत भरतेय. मी कठड्यावरून हाका मारल्या. तिच्या कानात अजून बोंड होतं.

गृहस्थांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही धावलो. म्हणजे ते धावले. मी लोंबकळत गेलो. दोन बोटींमधली फळी उचलायला खलाशी वाकलेच होते. पलीकडच्या कर्ण्यावर "मिस्टर पॅटन-कार, दोनशे चौदा" असा पुकारा चालू होता. पाटणकर असंही उच्चारता येतं हे मला साठाव्या वर्षी कळलं. मी पलीकडे पाऊल टाकलं. ठणकन जमा झालो.

"कुठे होतात?" हिनं विचारलं.

"शेजारी."

"तिथेही बिस्किटं होती का?" मिशीवरचा चुरा पुसायचा राहिला होता.

दुपारभर मी डेकवर गप्प बसून वाखाउचं खोरं पाहिलं. मेल्क ते क्रेम्स, छत्तीस किलोमीटर, दोन्ही काठांना पायऱ्यापायऱ्यांवर द्राक्षांचे मळे. काठावर किलोमीटरचे फलक दिसतात आणि आपण पुढे जावं तसे आकडे उतरत जातात, कारण ही नदी मुखापासून मोजतात. ड्युर्नश्टाइन गावाच्या वर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून वेष पालटून घरी निघाला होता, तो 1192 च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि इथे कोंडला गेला. सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदीची खंडणी ठरली. आपल्या वाट्यातून, त्याला पकडणाऱ्या ऑस्ट्रियाच्या ड्यूकनं व्हिएन्नाची तटबंदी वाढवून घेतली. राजाची मला मनापासून दया आली. माणूस परक्या मुलखात भलत्या दारात जाऊन उभा राहतो, ते काय हौसेनं?

रात्री शाकाहारींसाठी मारिलेनक्नोडेल आलं. अख्खा जर्दाळू, त्यातली बी काढून जागी साखरेचा खडा, वरून बटाट्याची पारी, उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेलं. हिनं काट्यानं फोडलं, आत डोकावून पाहिलं आणि निकाल दिला: "मोदकच आहे. कळ्या येत नाहीत म्हणून गोल वळलाय."

झोपताना बोट कुठेतरी हलकेच टेकल्यासारखी वाटली. पडदा बाजूला केला. दोन हातांवर दिवा लागला. हातात ब्रश. त्यांनी मला पाहिलं, वळून टेबलावरची बशी उचलली आणि कठड्यावरून पुढे केली.

बिस्किटं होती.

"अहो," मागून आवाज आला, "घ्यायची असतील तर घ्या. पण पाय या बोटीतच ठेवा."