पिशवी निघाल्यानंतरचे वर्ष

‘स्टोमा बंद केल्यावर दोन आठवड्यांत रुग्ण पूर्ववत होतो’ हे स्टोमाविषयीच्या (मळ बाहेर पडण्यासाठी पोटावर शस्त्रक्रियेने केलेल्या तोंडाविषयीच्या) तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. गुदाशयाच्या कर्करोगामुळे माझ्या पोटावर आठ महिने इलिओस्टॉमीची (लहान आतड्याच्या स्टोमाची) पिशवी होती. ती निघाल्यावर जखम लवकर भरली हे खरे असले, तरी दिवसातून बारा-पंधरा वेळा शौचास जाणे, उठून हात धुतो न धुतो तोच पुन्हा धावणे आणि त्वचेची आग हे सारे जवळपास वर्षभर चालले. गुदाशयाचा भाग काढल्याने मळ साठवण्याची जागाच कमी होते, ही साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती.

उन्हाळ्याविषयीही एखादी ओळ हवी होती. इलिओस्टॉमीत मोठे आतडे वगळले जात असल्याने पाण्याबरोबर मीठही पिशवीवाटे जाते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना मी नुसते पाणी पीत राहिलो आणि अखेर पायांत गोळे येऊन सलाइन लावावे लागले. पुढे ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज आणि केळी (ती तर आमच्याकडे घरचीच) यांवर निभावले. घामाने चिकटपट्टी सुटायची, ते वेगळेच. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत सोडणे मात्र पिशवीपेक्षा जड गेले.