गॉर्डी हाउ ‘पैशासाठी खेळले नाहीत’ असं सांगणाऱ्यांना

आइस हॉकीच्या चाहत्यांमध्ये एक गोष्ट कायम फिरत असते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज संघाच्या गॉर्डी हाउंनी म्हणे करारावर सही करताना फक्त संघाचं जाकीट मागितलं आणि 25 हंगाम चकार शब्द न काढता खेळले. क्लबांकडे तेव्हा पैसाच नव्हता, तरी त्या काळाच्या मानानं खेळाडूंचं उत्तम चालायचं, तक्रार कुणाचीच नव्हती, म्हातारपणी लीगनं (नॅशनल हॉकी लीग, NHL) पेन्शनही दिली. शेवटी आजच्या करोडपती खेळाडूंना चार शब्द सुनावलेले असतात. यातली जाकिटाची गोष्ट खरी आहे, पण अर्धी.

हाउ तेव्हा सतरा वर्षांचे, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या गरीब घरातले. रेड विंग्जनं 1945 मध्ये त्यांना ओमाहाच्या दुय्यम संघात खेळायला पाठवलं, हंगामाचे 2,300 डॉलर ठरले. कबूल केलेलं जाकीट मात्र मिळालंच नाही. पुढच्या वर्षी मुख्य संघाचा करार समोर आला, तेव्हा ‘आधी जाकीट, मग सही’ म्हणून या पोराला अडून बसावं लागलं. क्लबनं शब्द पाळला नाही, ही त्या गोष्टीची खरी बाजू. ती गाळून तिचा निरिच्छपणाचा दाखला करणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढे ते गप्प राहिले हे खरं. पण पगार गुप्त ठेवायची रीत होती, आणि सर्वांत जास्त पगार आपल्यालाच आहे अशी हाउंची समजूत करून दिलेली होती. व्यवस्थापक जॅक ॲडम्स यांच्यावर त्यांचा विश्वास होता. 1968 मध्ये बॉबी बॉन हा बचावपटू संघात आला आणि त्यानं आपला आकडा हाउंना सांगितला. हाउंना वर्षाला 45,000 डॉलर मिळत होते, बॉनला त्याहून बरेच जास्त. सहा वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस स्वतःच्याच संघात पगारात मागे! हाउ मालक ब्रूस नॉरिस यांच्याकडे गेले आणि एक लाख मागितले. नॉरिस यांनी ते मान्य केले. इतकी वर्षं का दिले नाहीत, यावर उत्तर मिळालं की तुम्ही कधी मागितलेच नाहीत.

क्लब गरीब होते म्हणणाऱ्यांनी हे उत्तर नीट वाचावं. टोरांटोच्या क्लबचं मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम 1946 पासून दर सामन्याला भरलेलं असायचं. 1952 पासून कॅनडात सामने टीव्हीवर दिसू लागले. 1967 मध्ये लीगमध्ये सहा नवे संघ आले, त्यांनी प्रवेशासाठी प्रत्येकी 20 लाख डॉलर भरले आणि ते जुन्या सहा क्लबांना मिळाले. बेसबॉलमध्ये जो डिमॅजिओला एक लाख डॉलरचा करार 1949 मध्येच मिळाला होता. हाउ त्या आकड्याला जवळजवळ वीस वर्षांनी पोहोचले.

‘त्या काळाच्या मानानं’ या मुद्द्यात तथ्य आहे. 1958 मध्ये लीगमधला किमान पगार वर्षाला 7,000 डॉलर ठरला, तेव्हा अमेरिकेतल्या मध्यम कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 5,000 च्या आसपास होतं. पण शाळा अर्धवट सोडलेल्या, हेल्मेटशिवाय खेळणाऱ्या मुलाची ही मोजक्या वर्षांची कमाई होती. अनेक जण उन्हाळ्यात दुसरी नोकरी करत. लीगमध्ये जागा सुमारे 120, आणि करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू एकाच क्लबला बांधलेला. नाही म्हटलं की दुय्यम संघात रवानगी.

ज्याला दुसरा दरवाजा उघडा होता त्याला मात्र पैसे मिळाले. जाँ बेलिव्हो हा खेळाडू कॅनडातल्या क्वेबेकच्या वेगळ्या लीगमध्ये सुखात होता. 1953 मध्ये त्याला मिळवण्यासाठी मॉन्ट्रियलनं पाच वर्षांचे एक लाखाहून जास्त डॉलर मोजले. हाउंचंच पाहा. 1968 पर्यंतचे 22 हंगाम त्यांना 45,000 च मिळाले असं धरलं, तरी बेरीज 9,90,000 होते. खरी रक्कम त्याहून बरीच कमी, कारण सुरुवातीचा पगार त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. आणि 1973 मध्ये प्रतिस्पर्धी लीगच्या ह्यूस्टन संघानं पंचेचाळीस वर्षांच्या हाउंना चार वर्षांचे दहा लाख देऊ केले.

तक्रार कुणीच केली नाही, हे तर साफ खोटं. फेब्रुवारी 1957 मध्ये हाउंचाच संघातला जोडीदार टेड लिंडसे यानं खेळाडूंची संघटना उभी केली. पेन्शनच्या निधीचा हिशेब त्यानं मागितला होता, तो दाखवला गेला नाही. कारकिर्दीतला सर्वाधिक 85 गुणांचा (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून) हंगाम करूनही त्याच उन्हाळ्यात त्याची शिकागोला बदली झाली. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले, त्यांत हाउही होते. हे मला आजही खटकतं. त्यांनी लिंडसेची बाजू घेतली असती, तर मालकांना इतक्या सहज मोडता घालता आला नसता.

पेन्शनचं तर विचारूच नका. खेळाडूच्या पगारातून वर्षाला 900 डॉलर कापले जात. पुढे निधीत शिल्लक साठली ती मालकांनी स्वतःचा हप्ता कमी करायला वापरली. सात माजी खेळाडू त्याविरुद्ध कोर्टात गेले. ऑन्टारिओच्या कोर्टानं 1992 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 1994 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं लीगचं अपील ऐकायला नकार दिला. व्याजासकट सुमारे चार कोटी डॉलर माजी खेळाडूंना द्यावे लागले. दावा लावणाऱ्या त्या सातांत एक नाव गॉर्डी हाउ यांचं होतं.