वीस डॉलरचा काटा आणि निकेलचं नाणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: रिलोडिंगला, म्हणजे वापरलेल्या काडतुसांत पावडर मोजून ती पुन्हा भरायला, सुरुवात करणाऱ्याने दांडीचा तराजू घ्यावा हा माझा सल्ला म्हणजे जुन्याचं वेड. तुमचा वीस डॉलरचा डिजिटल काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, ५ ग्रॅमचं निकेल (अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं) ठेवलं तर बरोबर ५.०० येतं, आणि मुंबईचे सोनारही आता डिजिटलच वापरतात.

आधी निकेलचं बघू. ते नाणं आहे, वजन नव्हे. टांकसाळीतून निघतानाच त्याला सुमारे तीन ग्रेन (जवळपास ०.१९ ग्रॅम) इकडे-तिकडे चालतं, झीज वेगळीच. म्हणजे ५.०० आलं यावरून काटा बरोबर ठरत नाही. चुकीचा काटा आणि हलकं नाणं यांचं छान जुळलेलं असू शकतं.

आता ते ०.०१ ग्रॅम. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, तेव्हा तुमच्या काट्याची एक पायरी झाली जवळपास ०.१५ ग्रेन. रायफलच्या काडतुसातल्या चाळीस-पंचेचाळीस ग्रेन पावडरीत हे खपून जाईल. पण नऊ मिलिमीटरच्या काडतुसात पावडर चार-पाच ग्रेनच जाते. तिथे ही एक पायरी तीन टक्क्यांच्या वर जाते. रिलोडिंगच्या मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेच्या जवळ काम करणाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये. बरं, आकडा बारीक दिसला म्हणजे मोजमापही तितकं बारीक झालं, असंही नाही.

खरी गोम वेगळीच आहे. ट्रिकलरने (पावडर थोडी-थोडी सोडणाऱ्या साधनाने) दाणा-दाणा सोडत असताना आकडा हलत नाही, आणि मग एकदम उडी मारतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. काही स्वस्त काटे इतका सावकाश बदल म्हणजे तापमानाने होणारी घसरण समजतात आणि गुपचूप गिळून टाकतात. पारडं उचलून परत ठेवा, आकडा बदललेला दिसेल. दांडीच्या तराजूत हा प्रकार नाही. चांगल्या दांडीवर लांबट दाण्यांच्या पावडरीचे चार-पाच दाणे, म्हणजे साधारण दशांश ग्रेन, टाकले की दांडी हलते. पंख्याचा वारा, कलतं टेबल, तिरप्या नजरेने वाचणं हे त्याचे शत्रू, पण ते डोळ्यांना दिसतात तरी.

सोनारांचं म्हणाल तर त्यांचा काटा काचेच्या पेटीत असतो, वरच्या अचूकता वर्गातला असतो आणि वैधमापनशास्त्र विभागाकडून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. तुमच्या काट्याला हे काहीच लागू नाही. त्याच तोडीचं डिजिटल हवं असेल तर ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय आहे. एक मिलिग्रॅमपर्यंत वाचतो, ट्रिकलरलाही पटकन दाद देतो. माझा विरोध डिजिटलला नाहीच. पण तो कित्येक शंभर डॉलरला पडतो, आणि नवख्याला मी ते पैसे आधी गोळ्या झाडण्यावर घालवायला सांगेन.

तुमचा काटा टाकून मात्र देऊ नका. काटा तपासायला एम१ या अचूकता वर्गाची छोटी वजनं आणा: पाच ग्रॅमच्या वजनाला १.६ मिलिग्रॅम इतकीच मुभा असते. पिस्तुलासाठी २०० आणि १०० मिलिग्रॅमचं घ्या, दोन्ही मिळून ३०० होतात, कारण तपासणी प्रत्यक्ष भराच्या आसपासच हवी. काटा सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, दर दहा काडतुसांनंतर वजन ठेवून बघा. आणि केसमध्ये (काडतुसाच्या नळकांड्यात) दोनदा पावडर पडली तर जगातला कुठलाही तराजू सांगणार नाही. बुलेट बसवण्याआधी टॉर्चने ट्रेमधल्या केसेसमध्ये डोकवाच.