फ्रँकलिनच्या पतंगावर वीज पडलीच नव्हती

‘बेंजामिन फ्रँकलिनने वादळात पतंग उडवला, त्यावर वीज कोसळली आणि विजेचा शोध लागला. एरवी पतंग म्हणजे निव्वळ पोरखेळ!’ हा मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. यातलं वादळ आणि पतंग तेवढे खरे.

वीज कोसळली असती तर किस्सा सांगायला फ्रँकलिन उरला नसता. जून १७५२ मध्ये फिलाडेल्फियात त्याने घेतलेली काळजीच बघा. रेशमी रुमालाचा पतंग, वर टोकदार तार, खाली सुतळी आणि हातात धरायला रेशमी फीत. भिजलेल्या सुतळीतून वीज वाहते, कोरड्या रेशमातून नाही. म्हणून फीत भिजू नये अशा बेताने तो आडोशाला उभा होता. सुतळी आणि फितीच्या सांध्याला किल्ली. ढगांमुळे दोऱ्यावर विद्युत्भार आला, सुतळीचे सुटे तंतू ताठ उभे राहिले आणि किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. बस्स, इतकंच. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ घरात आणलेल्या सळईवर असाच प्रयोग करताना जागीच गेला. (चित्रांत फ्रँकलिनशेजारी लहान पोरगा दाखवतात. मुलगा विल्यम तेव्हा चांगला विशी ओलांडलेला होता.)

‘विजेचा शोध’ तर सोडूनच द्या. इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० मध्येच घर्षणातल्या विजेवर लिहिलं होतं, आणि किल्लीवरचा भार फ्रँकलिनने ज्या लेडन जारमध्ये (विद्युत्भार साठवायच्या काचेच्या बरणीत) साठवला तो आधीपासून प्रयोगशाळांत होता. प्रश्न होता तो ढगातली वीज आणि ही वीज एकच का, एवढाच. त्याचं उत्तरही महिनाभर आधी फ्रान्समध्ये दालिबारने, फ्रँकलिनच्याच लेखी सूचनेवरून, उंच सळई उभारून मिळवलं होतं.

राहिला पोरखेळ. सॉलोमन बेटांवरचे मच्छीमार पानाचा पतंग होडीतून उडवतात. त्याच्या दोऱ्याला कोळिष्टकाचा गुंडा बांधलेला असतो. तो लाटांवर नाचला की लांबचोच्या मासा झडप घालतो आणि त्याचे बारीक दात त्यात गुंततात. गळ लागतच नाही, आणि होडी दूर असल्याने मासा बुजतही नाही. १७४९ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर विल्सनने पतंगांवरून तापमापक वर चढवले. १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडायला मार्कोनीने अँटेना पतंगाने उचलून धरली. १८४८ मध्ये नायगाऱ्याच्या घळीवर झुलता पूल बांधताना पहिला दोरा पलीकडे नेला तो मात्र खरोखरच एका पोराने, होमन वॉल्शने, बक्षिसासाठी पतंग उडवून. त्याच दोऱ्याला बांधून मग जाड दोर ओढले गेले.