‘उघडलेला डबा गळ्यात मारला’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला शनिवारी काउंटरवर ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरवर एकच मुलगा होता आणि मी आत एका प्रिंटरमध्ये हात घालून बसलो होतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत नऊशे रुपये कमी सांगितले असं तुम्ही लिहिलंय, सांगितले असतील, आमच्याकडे १८ टक्के जीएसटी धरून पक्कं बिल मिळतं, त्यावर मी इथे भांडत बसत नाही. एक स्टार दिलात तेही ठीक. पण "सील नसलेला, आधी कुणीतरी उघडलेला डबा माझ्या गळ्यात मारला" हे जे वाक्य टाकलंय ना, ते वाचून घास गिळवेना झालाय. चार्जर खराब निघाला असं कुणी लिहिलं तर आपण बदलून देतो, विषय संपतो. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो कॉइनची गुप्त चावी जपणारं छोटं डिव्हाइस, विकणाऱ्यावर असा आळ आला तर पुढचं गिऱ्हाईक पायरीच चढत नाही.

तर सीलचं सांगतो. तुम्ही घेतलंत त्या लेजर कंपनीच्या वॉलेटच्या डब्यावर होलोग्रामचं सील नसतंच. कंपनीने ते मुद्दाम ठेवलेलं नाही आणि तसं त्यांनी उघड सांगितलेलंही आहे, कारण स्टिकर काय कुणीही छापून आणतं. तुम्ही शेजारी ठेवलेलं दुसऱ्या कंपनीचं ट्रेझर वॉलेट हातात घेऊन बघितलं होतं, त्याला होलोग्राम असतो, म्हणून तुम्हाला वाटलं असणार की यालाही हवा. २०२० मध्ये लेजरच्या गिऱ्हाइकांचे पत्ते फुटले आणि २०२१ मध्ये त्यातल्या काही लोकांच्या घरी "तुमचं वॉलेट बदलून देतोय" असं पत्र घालून लेजरच्याच नॅनो एक्स मॉडेलचे नकली वॉलेट पोचले. डबा एकदम नवाकोरा, वरून प्लास्टिकचं आवरण, आणि आत सर्किटला वेगळाच तुकडा डकवलेला. म्हणजे पॅकिंग बघून काही कळत नाही. कळतं ते चालू केल्यावर. नवीन डिव्हाइसला आधीचा पिन नसतो, वॉलेट परत उभं करायचे गुप्त शब्द लिहायचं कार्ड कोरं असतं, आणि कंपनीच्या ॲपला जोडलं की आतली, चावी जपणारी सिक्युअर चिप त्यांच्या सर्व्हरला स्वतःची ओळख पटवते, नकली माल तिथेच अडकतो. तुमच्या घरी तुमच्याच लॅपटॉपवर हा चेक पास झाला. स्क्रीनशॉट तुम्हीच मला पाठवलाय सर, अजून आहे माझ्याकडे.

आता "मोबाईलला लागतच नाही, बोगस आहे" याबद्दल. तुम्ही घेतलेल्या लेजर नॅनो एस प्लसला ब्लूटूथ नाही, केबलने लॅपटॉपला किंवा अँड्रॉइडला चालतं, आयफोनला चालत नाही. हे मी बिल करायच्या आधी बोललो होतो. आयफोन असेल तर थोडे जास्त घाला आणि ब्लूटूथवालं नॅनो एक्स घ्या म्हटलं, त्यावर तुम्ही म्हणालात ब्लूटूथ नको, हवेतून हॅक होतं. मी सांगितलं की चावी चिपच्या बाहेर येतच नाही, ब्लूटूथवरून फक्त व्यवहाराची माहिती जाते, पण तुमचं मन मानेना आणि मी जास्त जोर केला नाही, महागातलं खपवतोय असं वाटायला नको म्हणून. आणि "ट्रेझर माझ्या माथी मारायला बघत होते" असंही तुम्ही लिहिलंय! मी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. ट्रेझरचा सगळा कोड उघडा असतो, कुणालाही तपासता येतो, पण जुन्या मॉडेल वनमध्ये सिक्युअर चिप नाही आणि २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या लोकांनी डिव्हाइस हातात पडलं तर पंधरा मिनिटांत त्यातून शब्द काढता येतात हे दाखवलं होतं, पासफ्रेज, म्हणजे स्वतःचा जादा पासवर्ड, लावली तरच वाचतं. लेजरमध्ये चिप आहे, पण फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, पूर्ण उघडं नाही, २०२३ ला त्यांच्या शब्दांचा बॅकअप कंपन्यांकडे ठेवणाऱ्या रिकव्हर सर्विसवरून केवढा गदारोळ झाला. एवढं सगळं उभ्या उभ्या समजावलं ते काय कमिशनसाठी? तेही चकट फू.

आणि मग मंगळवारी तुम्ही म्हणालात की परत घ्या आणि एक्स द्या. सेटअप झालेलं, वापरलेलं वॉलेट. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. तुम्ही म्हणाल रिसेट करून ठेवा की, रिसेट तर होतंच आणि चेकही पास होईल. होईल सर, पण चार दिवस ते माझ्या नजरेआड होतं, तुमच्यावर संशय नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाला मी "नवीन आहे" असं कुठल्या तोंडाने सांगू? उघडलेला डबा विकतो म्हणून मला एक स्टार देता आणि तोच उघडलेला डबा मी परत घेऊन विकावा असंही म्हणता, हे कसं जमायचं?

हे लिहिणार नव्हतो, पण "यांना सिक्युरिटीतलं काही कळत नाही" हे वाचल्यावर राहवत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर चोवीसच्या चोवीस शब्दांच्या कार्डाचा फोटो कुणी पाठवला होता? ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून काढलेला. "स्पेलिंग बरोबर आहे का बघा." अहो, ते शब्द ज्याच्याकडे त्याचे कॉइन, डिव्हाइस लागतच नाही. स्पेलिंगची काळजीही नको, हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यातल्या २०४८ शब्दांमध्ये पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नाहीत. मी त्याच मिनिटाला फोटो उडवला, फोन केला, तीन वेळा चुकीचा पिन टाकायला लावून डिव्हाइस कोरं करवलं आणि नवीन शब्द तुमच्याकडून लिहून घेतले, ते काय आहेत हे मला बघायचंही नव्हतं. मिसेस बाजूला जांभया देत होत्या. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून जास्त चोरीला गेले, तेव्हापासून माणसं घाबरून आमच्याकडे येतात, त्यांना फसवायचं असतं तर असा सोन्यासारखा फोटो मी उडवला असता का?

असो. लेजरवर सील नसतं आणि कुठलं मॉडेल कुठल्या फोनला चालतं याचा बोर्ड लावायचं बघतोय, आणि शनिवारी अजून एक माणूस मिळतोय का तेही चाललंय. तुमचा एस प्लस लॅपटॉपवर व्यवस्थित चालेल, अडलं तर बिल घेऊन या, बसून करून देईन, पैसे लागणार नाहीत. तरी एक्सच हवा असेल तर माझा नफा सोडून देतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, फक्त ते डब्याचं वाक्य तेवढं बदलता आलं तर बघा. आणि येताना कार्ड घरीच ठेवा.