फ्रेझर घाबरला नव्हता

काल सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बॉक्सिंगची एक जुनी क्लिप आली. किंग्स्टन, जमैका, २२ जानेवारी १९७३. जॉर्ज फोरमन हा बॉक्सर समोरच्या जो फ्रेझर नावाच्या चॅम्पियनला पाडतोय, फ्रेझर उठतोय, फोरमन परत पाडतोय. खाली आमच्या नात्यातल्या एका काकांनी लिहिलंय, "मनात भीती शिरली की एवढा मोठा चॅम्पियनसुद्धा असा लोळतो. सर्वांनी बोध घ्यावा."

सर्वांनी म्हणजे माझ्या भाचीने. परवा ती एका स्पर्धेत दुसऱ्या राउंडला हरली, रेफरीने लढत थांबवली. समोरची मुलगी तिच्याच वजनगटातली, पण डोक्याने वीतभर उंच आणि हात हे एवढे लांब. भाचीने काकांच्या मेसेजवर नुसता अंगठा टाकला. तो अंगठा बघितल्यापासून माझं कामात लक्ष नाही. म्हणून लिहितोय. लांबेल, वाचायचं तर वाचा.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट मालवणातल्या माझ्या जुन्या मित्रांना माहीत आहे. आमच्या शाळेत एक सर बॉक्सिंग शिकवायचे. मी बुटका, छाती भरलेली, बापसाबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून हात घट्ट झालेले. सरांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, "डोक्या खाली घाल आनी भुतूर घुस." मी घुसायचो. तालुक्यात सगळ्यांना हरवलं. मग पुढच्या स्पर्धेत माझ्यासमोर एक उंच पोरगा आला. वजनकाट्यावर तो माझ्यापेक्षा चार किलो जास्त भरला. त्या गटात आम्ही दोघेच उरलो होतो. सर म्हणाले, चार किलोने काय होतंय, जिद्द पाहिजे.

मी डोकं खाली घातलं आणि घुसलो. खालून वर ठोसा आला. माझा पुढचा दात तिथेच तुटला.

आता परत ती क्लिप बघा. फ्रेझर त्या रात्री रिंगमध्ये आला तेव्हा जगज्जेता होता. २९ लढती, २९ विजय, त्यातले २५ नॉकआउट. दोन वर्षांपूर्वी, ८ मार्च १९७१ ला, त्याने न्यूयॉर्कमध्ये खुद्द मोहम्मद अलीला पंधरा राउंड खेळून हरवलं होतं, शेवटच्या राउंडला डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, खाली बसवलं होतं. फोरमनच्या नावावर ३७ पैकी ३७ विजय आणि ३४ नॉकआउट होते, तरी जाणकारांची पसंती फ्रेझरलाच होती. वजन म्हणाल तर फ्रेझर २१४ पौंड, फोरमन २१७.५. साडेतीन पौंडांचा फरक. दीड किलोच्या आसपास! काट्यावर बघितलं तर जोडी बरोबरीची.

पण काटा उंची मोजत नाही. फ्रेझर जेमतेम सहा फुटांच्या आत, फोरमन त्याच्यापेक्षा तीन-चार इंच उंच, हातही लांब. तेवढंच असतं तरी भागलं असतं, कारण अलीही उंच होता आणि फ्रेझरने त्याला हरवलंच होतं. खरी गोम पुढे आहे.

फ्रेझर खेळायचा कसा? कमरेत वाकून, डोकं डावी-उजवीकडे हलवत, सतत पुढे. मागे जाणं त्याला ठाऊकच नव्हतं. समोरच्याच्या जॅबखालून, म्हणजे सरळ हाताच्या झटपट ठोशाखालून, शिरायचं आणि जवळ गेल्यावर डावा हुक मारायचा. अली लांबून जॅब मारायचा, मागे झुकायचा. खालून वर येणारा अपरकट काही त्याचं हत्यार नव्हतं. त्यामुळे वाकून येणाऱ्या माणसाला अलीपुढे आत शिरायची वाट मिळायची. फोरमनकडे ती वाट बंद. तो दोन्ही हात पुढे करून फ्रेझरच्या खांद्यांना ढकलायचा, त्याला हव्या त्या अंतरावर उभा करायचा आणि मग खालून अपरकट. फ्रेझर वाकला की त्याचं तोंड बरोबर त्या ठोशाच्या वाटेवर. दोन राउंडमध्ये सहा वेळा पडला. एकदा तर पाय जमिनीवरून सुटले. शेवटी रेफरीने थांबवलं.

यात भीती कुठे आहे हो? घाबरलेला माणूस मागे सरतो. फ्रेझर प्रत्येक वेळी उठून पुढेच गेला. थोडा घाबरला असता, दोन पावलं मागे गेला असता, तर कदाचित आणखी दोन राउंड टिकला असता.

आणि काकांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो. भीती त्या रात्री होती, पण ती फोरमनला वाटत होती. त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं की समोरासमोर उभं केलं तेव्हा त्याचे गुडघे थरथरत होते, फ्रेझरची नजर खाली जाऊ नये एवढीच त्याची इच्छा होती. घाबरलेला जिंकला आणि न घाबरलेला सहा वेळा पडला. घ्या बोध.

भीतीने माणसं हरतात का? हरतात. नाही म्हणत नाही. पण दर वेळी हरलेल्याच्या कपाळावर तोच शिक्का मारायचा?

माझ्या कपाळावर मारला होता. त्या दिवशी मीही दोनदा पडून दोनदा उठलो होतो. तिसऱ्यांदा उठत होतो तेव्हा रेफरीने हात आडवा घातला. परतीच्या एसटीत सर बोलले नाहीत. कसालला गाडी थांबली, सगळी पोरं खाली उतरली, आणि वडापावच्या गाडीसमोर, सगळ्यांच्या देखत, सर म्हणाले, "भियालंस तू." एवढंच. माझं तोंड सुजलेलं, दात तुटलेला, उत्तर द्यायलाही तोंड उघडत नव्हतं. घरी आयेने चार दिवस पेज घातली. बाबा काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रापणीला उठवलं नाही त्यांनी मला. दात नंतर बसवून घेतला. तो शब्द अजून तसाच आहे.

कोणी म्हणेल, डेम्प्सीचं काय? मान्य. १९१९ साली जॅक डेम्प्सीने त्याच्यापेक्षा कितीतरी उंच आणि पन्नास पौंडांहून जड जेस विलार्डला पहिल्याच राउंडला सात वेळा पाडलं. टायसनही बुटकाच होता. होतं असं. पण डेम्प्सीकडे वेग होता आणि दोन्ही हातांत दगड होते, विलार्ड त्याच्यापुढे खांबासारखा उभा राहिला. तिथेही हिशेब शैलीचा आणि ताकदीचाच होता.

आणि आपली मेरी कोम? २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांना तीनच वजनगट होते, सगळ्यात हलका ५१ किलोचा. मेरीने पाच जागतिक सुवर्णपदकं जिंकली होती ती त्याहून हलक्या गटांत. ऑलिम्पिक खेळायचं तर वजन वाढवून वर जाण्याशिवाय इलाज नव्हता. उपांत्य फेरीत उंच, लांब हातांची निकोला ॲडम्स समोर आली आणि मेरी ११-६ ने हरली. कांस्यपदक. मेरी कोम घाबरली असं म्हणायची कोणाची टाप आहे? मग पंधरा वर्षांच्या पोरीला का म्हणता? ती घरातली आहे, उलट उत्तर देणार नाही, म्हणून?

आपण किनाऱ्यावरची माणसं. होडी घेऊन जाणाऱ्या आपल्या माणसाची जाळी रिकामी आली आणि बाहेर मोठ्या यांत्रिक होड्यांचे पर्ससीन जाळीवाले माशांचा अख्खा थवा उचलून गेले, तर आपण त्याला म्हणतो का, बाबा रे, तुझी जिद्द कमी पडली? म्हणून बघा दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन.

जरा जास्त बोललो. सरांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ते आता नाहीत. आमचे ग्लोव्ह्जचे दोन जोड त्यांनी स्वतःच्या पगारातून आणले होते, मुंबईहून, पिशवीत घालून. त्यांना जेवढं येत होतं तेवढं सगळं त्यांनी आम्हाला दिलं. त्यांना एकच वाट माहीत होती, पुढे जायची. त्या वाटेने गेलेला पोरगा का हरला हे त्यांनाही कळलं नसावं, म्हणून तो शब्द आला असेल. आज मला तसं वाटतं. कसालला असं वाटलं नव्हतं.

फ्रेझर-फोरमन परत भिडले होते, १५ जून १९७६ ला. त्या वेळी फ्रेझर सरळ आत घुसला नाही. बाजूला फिरला, वाट बघितली. हरलाच, पण पाचव्या राउंडपर्यंत गेला. फोरमनसमोर त्याचा खेळ बसणारच नव्हता, दहा वेळा खेळला असता तरी दहाही वेळा अवघडच गेलं असतं. आणि याच फोरमनला मधल्या काळात, ३० ऑक्टोबर १९७४ ला, किन्शासामध्ये अलीने आठव्या राउंडला झोपवलं. दोरांवर रेलून त्याचे ठोसे अंगावर घेतले, त्याला दमवलं आणि मग मारलं. फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला, अलीने फोरमनला. आता सांगा यात शूर कोण आणि भित्रा कोण. लावा क्रम.

काल संध्याकाळी मी ताईकडे गेलो होतो. भाची ओटीवर बसून हातांच्या पट्ट्या गुंडाळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मामा, मी भियाक नाय." मी म्हटलं, माका ठावक हा. मग तिने विचारलं की ती मुलगी एवढी लांब असताना आत जायचं कसं. हा प्रश्न मला नववीत सुचला नव्हता. सुचला असता तरी विचारायला कोणी नव्हतं. उद्या ओहोटीला दांडीवर जाणार आहोत आम्ही. ओल्या वाळूत रेघ मारून, सरळ न जाता कोनात पाऊल टाकायचं, जॅब मारला की जागा सोडायची. मला जे येतं ते. बाकी तिच्या सरांकडून शिकेल, ते माझ्यापेक्षा जाणते आहेत.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्यावर राग नाही, काल सकाळी होता. ती क्लिप ग्रुपवरून काढलीत तर बरं, नाही काढलीत तरी चालेल. पण तिला एक फोन करा. साडेसातनंतर करा, तोपर्यंत ती क्लासला असते.