कागद तीस वर्षांचे पाहतो, भिंत कोण पाहतो?

वडिलांनी जुळे सोलापुरात बांधलेले घर विकायचे ठरल्यापासून आम्हा भावांचा फोनवर एकच वाद चालला आहे: ग्राहकांना दाखवण्याआधी घराची अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी की नाही. दादाचे म्हणणे असे की घेणारा पाहून घेईल, आपण आपल्या हाताने भाव का पाडावा? रंगाऱ्यानेही त्याला सांगितले आहे की पुट्टी भरून दोन हात मारले की काही दिसत नाही.

हे 'काही' म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर हलते. मे महिन्यात त्या भेगेत रुपयाचे नाणे उभे शिरते, आणि दिवाळीपर्यंत ती जवळजवळ मिटते. दिवाळीत आलेल्या माणसाला ती दिसावी कशी?

इथे न्यू जर्सीत आमचे घर विकताना मी स्वतःहून परवानाधारक निरीक्षक बोलावला. तो तीन तास छपरापासून तळघरापर्यंत फिरला, विजेचे पॅनेल उघडून पाहिले, आणि जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या घातक वायूचे मापक ठेवून गेला. सगळेच विक्रेते असे करतात असे मात्र नाही. दोष कळला की तो सांगावा लागतो, म्हणून न कळलेलेच बरे, असे मानणारे इथेही पुष्कळ आहेत; २०२१ च्या तेजीत तर घर हातचे जाऊ नये म्हणून कित्येक ग्राहकांनीच तपासणीवर पाणी सोडले.

आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर हेच बंधन घालते: त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याची पाच वर्षांची हमी बिल्डरवर असते, आमच्यासारख्या जुन्या घराला ती लागू नाही. तरीही वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा अहवाल, काढतो, सिटी सर्व्हेचा उतारा आणि घरावरचा कर्जाचा बोजा तपासतो, आणि भिंतीला कोणी हातही लावत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दादाची भीती खोटी नाही, भाव थोडा उतरेल. पण इसार घेतल्यावर भेग उघडी पडली, तर घेणारा दुरुस्तीच्या खर्चावर थांबणार नाही, त्याचा आमच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास जाईल. म्हणून मी दादाला कळवले आहे की तपासणीचा खर्च मी देतो, भावातली तूट माझ्या वाट्यातून वजा कर. फक्त रंगाऱ्याला थांबव आणि अभियंत्याला मे महिन्यातच बोलाव.